फोटोत मुलं नकोत

सुशीलाबाईंना या प्रकरणात काय मिळायचं होतं ते आधीच मांडून ठेवलेलं बरं. कारण पुढे इतक्या जणांना इतकं काही मिळालं, की पहिली नोंदच हरवायची. त्यांना राजाजीनगरची बदली मिळायची होती. राजाजीनगरात त्यांचं घर, घराच्या मागच्याच रस्त्याला सरकारी शाळा, आणि त्या शाळेच्या मुख्याध्यापिका मेअखेर निवृत्त होणार. आत्ताची शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला, बन्नेरघट्ट्याच्या जंगलाला लागून, हक्कीपिक्की लोकांच्या कॉलनीत. दोन बस, मग शेअर ऑटो, आणि शेवटी कुत्र्यांची एक टोळी. खात्यात बदलीचे नियम आहेत आणि ते काटेकोर पाळले जातात, त्यामुळे नियमानं बदली होणं शक्य नव्हतं. अपवाद एकच होता. ज्या शाळेला 'आदर्श समाजसहयोग' पुरस्कार मिळेल, तिच्या मुख्याध्यापकाला मागेल ते ठिकाण.

सुशीलाबाईंचं घराणं बेंगळुरात तीन-साडेतीनशे वर्षांपासूनचं. पूर्वज कुणाच्याशा फौजेबरोबर आले आणि परत न्यायला कुणी थांबलं नाही म्हणून राहिले, असं घरात सांगत. त्या घरात मराठी बोलत, दारात कन्नड आणि राग आला की दोन्ही. शिक्षिका म्हणून त्या वाईट नव्हत्या. खरं तर चांगल्या होत्या. पण चांगलं शिकवण्यासाठी खात्यात कुठलाही पुरस्कार नसल्यामुळे याची कुठे नोंद नव्हती.

हक्कीपिक्की म्हणजे पूर्वी रानात पाखरं धरणारे लोक. पाखरं धरायला कायद्यानं बंदी आली, रान सरकारनं ताब्यात घेतलं, तेव्हा त्यांनी केसांचं तेल, मण्यांच्या माळा आणि कापडी फुलं विकायला घेतली. जत्रा, बाजार, सिग्नल, जिथं माणूस थांबतो तिथं ते पोचत. काहीजण तेल घेऊन परदेशापर्यंत जाऊन आले होते. कॉलनीच्या मुलांना चार भाषांत घासाघीस करता येई. छेद वेगवेगळे असलेल्या अपूर्णांकांची बेरीज मात्र येत नसे.

आणि रक्षिताला तीच हवी होती. रक्षिता पाचवीतली, शिवलीलाची मुलगी. फेब्रुवारीत सरकारी निवासी शाळेची प्रवेशपरीक्षा होती. निवड झाली तर दहावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथंच. नाही झाली तर आईच्या खांद्यावरची तेलाच्या बाटल्यांची पिशवी तिच्या खांद्यावर. ही परीक्षा पाचवीतच देता येते, पुन्हा नाही. रक्षिताला बाकी सगळं येत होतं. जुन्या प्रश्नपत्रिका तिनं सोडवून पाहिल्या होत्या. अपूर्णांकांपाशी येऊन अडत होती.

"टीचर, एवढं एक तिच्या डोक्यात घाला," शिवलीला डिसेंबरात शाळेच्या पायरीवर बसून म्हणाली. बोलणं कन्नडमध्ये चाललं होतं. "बाकी मी काही मागत नाही."

"अगं, आठ दिवसांचं काम आहे ते. सोमवारपासून घेते," सुशीलाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या मनात तसंच होतं.

सोमवारी ऋतुराज आला.

ऋतुराज महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत सामाजिक परिणाम विभागाचा प्रमुख होता. कंपनी काय बनवते हे तिथं काम करणाऱ्यांनाही एका वाक्यात सांगता येत नसे, पण नफा होत होता आणि कायद्याप्रमाणे त्यातला थोडा समाजावर खर्चणं भाग होतं. मूळचा पुण्याचा, राहायला एचएसआर लेआउटमध्ये, आणि इतकी वर्षं बेंगळुरात काढून 'कन्नड गोत्तिल्ला', म्हणजे कन्नड येत नाही, एवढं एक वाक्य त्यानं आत्मसात केलं होतं. मुख्याध्यापिका मराठी निघाल्या हे कळल्यावर त्याला भरून आलं.

"काय सांगता मॅडम! मग तर हे घरचंच प्रोजेक्ट झालं."

"घरचंच की. बसा. काफी घेता स्वल्प?"

त्यानं काफी घेतली आणि प्रकल्प समजावून सांगितला. नाव 'सहपाऊल'. आजवर आदिवासी मुलांच्या शिक्षणाचं वाटोळं का झालं, तर शिक्षकांनी समाजाला विश्वासात न घेता मुलांना शिकवलं म्हणून. यापुढे शिक्षक आणि समाज यांनी एकत्र बसायचं, एकत्र ठरवायचं, एकत्र शिकायचं.

"म्हणजे आपण कम्युनिटीला काही शिकवायचंच नाही, मॅडम. ते टॉप-डाउन झालं. आपण त्यांच्याकडून शिकायचं."

"सरी, बरं. आणि मुलांनी कुणाकडून शिकायचं?"

"त्यावर आपण फेज टूमध्ये येऊ."

पुरस्कारासाठी शिफारस याच प्रकल्पातून जाणार होती, हे त्यानं उठता उठता सांगितलं. सुशीलाबाईंनी त्याला आणखी अर्धी काफी दिली.

सहयोग झाला की नाही हे कळायला एक ॲप होतं. एका चौकटीत निदान एक शिक्षक आणि निदान एक समाजसदस्य यांचा फोटो काढून चढवला, की त्या तासाचा सहयोग जमा. फोटो नसेल तर तो तास झालाच नाही असं धरायचं. अट एकच होती, कंपनीच्या कायदा विभागानं घातलेली: बालहक्कांच्या संरक्षणासाठी कोणत्याही फोटोत मुलाचा चेहरा दिसता कामा नये. एक चेहरा दिसला तर त्या दिवसाचे सगळे तास बाद.

अट वाजवी होती. तिच्याविरुद्ध कुणीही समंजस माणूस काही बोलू शकला नसता. पहिल्या दिवशी सुशीलाबाईंनी मुलांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. पण आपल्या पाठीमागे फोटो निघतो आहे हे माहीत असताना मागे वळून न पाहणारं मूल अजून जन्माला यायचं आहे. दिवस बाद झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलांना डोकी बाकावर टेकवायला सांगितली. अर्धी झोपली, आणि एक पोरगा बरोबर फोटोच्या क्षणी शिंकून उठला. तिसऱ्या दिवशी मुलं बाहेर होंगेच्या झाडाखाली गेली. तिथून ती खिडकीतून दिसत. चौथ्या दिवशी ती कुंपणाबाहेर गेली आणि सहयोगाला सुरुवात झाली.

पहिली एकत्रित बैठक थाटात पार पडली. एका बाजूला सुशीलाबाई आणि शाळेचे दुसरे शिक्षक कृष्णमूर्ती, दुसऱ्या बाजूला कॉलनी. कॉलनीच्या वतीनं बोलायला गुंडू होता. गुंडू त्यांच्या पंचायतीचा म्होरक्या. पांढऱ्या मिशा, अंगात परदेशातून आणलेलं जाकीट, आणि समोरच्याला काय विकत घ्यायचं आहे हे तो बोलण्याआधी ओळखायची पिढीजात कला.

ऋतुराजनं हिंदीत, प्रत्येक शब्द सुटा करून, मोठ्या आवाजात विचारलं, "गुंडूजी, आपल्या समाजाचं पारंपरिक ज्ञान काय आहे? आम्हाला ते शिकायचंय."

"तेल विकतो साहेब. केसांचं. तीनदा मलेशियाला जाऊन आलो," गुंडू त्याच्यापेक्षा चांगल्या हिंदीत म्हणाला.

"ते नाही हो. जंगलाचं. पक्ष्यांचं. म्हणजे, जे तुमच्या रक्तात आहे ते."

"जंगलात आम्हाला सोडत नाहीत. फॉरेस्टवाले दंड करतात."

ऋतुराजचा चेहरा पडला. गिऱ्हाईकाचा पडलेला चेहरा गुंडूला बघवत नसे. त्यानं मिशीवरून हात फिरवला, खिडकीबाहेरच्या तारेवर बसलेल्या कावळ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"पण माझे आजोबा एक गोष्ट सांगत. कावळा उत्तरेकडे तोंड करून तीनदा ओरडला, की..."

"थांबा, थांबा!" ऋतुराजनं फोन काढला. "सगळ्यांनी जरा जवळ या. मॅडम, तुम्ही त्यांच्याकडे बघा. हां, शिकताय असं बघा."

गुंडूच्या आजोबांनी आयुष्यात जेवढं सांगितलं नसेल तेवढं पुढच्या महिन्याभरात सांगितलं. टिटवीच्या अंड्यांवरून लग्नाचा मुहूर्त, पोपटाच्या चोचीवरून पोटदुखीचं औषध, घुबडाच्या मानेवरून निवडणुकीचा निकाल. रोज सकाळी पहिले दोन तास 'समाजज्ञान' ठेवण्यात आलं. गुंडू खुर्चीवर, दोन्ही शिक्षक खाली सतरंजीवर वही घेऊन. कॉलनीच्या लोकांनाही हे ज्ञान नवीन असल्यामुळे गर्दी होऊ लागली. सुरुवातीला मुलांनी कुंपणापलीकडून ऐकलं आणि ती फिदीफिदी हसली. ऋतुराजनं अहवालात लिहिलं, की मुलांमध्ये स्वतःच्या संस्कृतीविषयी न्यूनगंड आढळतो. उपाय म्हणून पालकांचा सहभाग दुप्पट करावा.

पालकांचा सहभाग दुप्पट झाला. आता सकाळी पुरुष आणि दुपारी बायका. पाहुणचार म्हणून इडली-चटणी असे, आणि महिन्यात सर्वाधिक सहयोग देणाऱ्या घराला प्रेशर कुकर. एका ठिकाणी बसल्याबद्दल कुणी कुकर देतो असं कॉलनीच्या तीन पिढ्यांत घडलं नव्हतं. गावोगाव हिंडून तेल विकणारी माणसं घरी राहू लागली. समाज स्थिरावला, असं ऋतुराजनं अहवालात लिहिलं, आणि ते खरं होतं.

पण तेल कुणीतरी विकायला हवंच. मोठी माणसं मुलांच्या शिक्षणात गुंतलेली; मुलं तशीही कुंपणाबाहेर उभी. पिशव्या मुलांच्या खांद्यावर आल्या. आधी थोरली मुलं गेली, मग त्यांच्यामागं धाकटी. जानेवारीत हजेरी घेताना कृष्णमूर्तींना एकटी रक्षिता सापडली. ती कुंपणापाशी पाटी घेऊन बसली होती.

"सगळे कुठं गेले गं?"

"सिग्नलला, सर."

"आणि त्यांचे आईवडील?"

"शाळेत."

हजेरी एकावर आल्याची बातमी वर गेली. वरून ऋतुराज आला, सोबत एक सल्लागारही आला. त्यांनी दोन दिवस पाहणी करून निष्कर्ष काढला, की मुलं शाळेत न येण्याचं मूळ कारण शिक्षक आणि समाज यांच्यातलं अंतर हेच असून ते पुरेसं मिटलेलं नाही. फक्त समाज शाळेत येतो हे एकतर्फी झालं. शिक्षकांनीही समाजात गेलं पाहिजे. त्यानुसार कृष्णमूर्तींना आठवड्यातले चार दिवस कॉलनीत 'निवासी अध्ययना'साठी पाठवण्यात आलं. कृष्णमूर्ती हे शांत, नाकासमोर चालणारे गृहस्थ. त्यांना मण्यांच्या माळा ओवायला बसवलं. पंधरा वर्षं गणित शिकवून जे समाधान लाभलं नाही ते त्यांना माळा ओवून लाभलं. बोटं जात्याच चांगली होती. एका बाईनं त्यांना वर्षभराची ऑर्डर देऊ केली.

अशा रीतीनं शाळेत पालक, कॉलनीत शिक्षक आणि सिग्नलला मुलं, अशी सगळ्यांची व्यवस्था लागली. ॲपवर शाळेचा आलेख हिरवागार झाला.

शिवलीलाला कुकर नको होता. ती पहिल्या दिवसापासून प्रत्येक बैठकीला येत होती आणि प्रत्येक बैठकीत तेच विचारत होती.

"अपूर्णांक कधी?"

"अक्का, तो विषय घेऊ," गुंडू म्हणे. "आधी घुबड संपू दे."

"घुबडानं परीक्षा होते का, अण्णा? माझ्या पोरीला कोण विचारणार आहे घुबड?"

"तुझं तेल विकतेस तेव्हा गिऱ्हाईक मागतं तेच देतेस ना? मग? साहेबांना घुबड हवंय. साहेब खूश झाले की कॉलनीला नळ येतो. पोरीच्या नादात नळ घालवू नकोस."

नळाचं खरं होतं. कॉलनीतल्या बायका पाण्यासाठी दगडखाणीपर्यंत जात. गुंडू फक्त स्वतःपुरतं बघत होता असं कुणी म्हणू नये. तो स्वतःपुरतं बघून उरलेलं कॉलनीला देत होता, आणि एवढंही पुढारी करत नाहीत.

जानेवारीच्या शेवटी शिवलीला सरळ सुशीलाबाईंच्या बसस्टॉपवर जाऊन उभी राहिली.

"टीचर, तुम्ही सोमवार म्हणाला होता. सोमवार किती आले आणि गेले."

 बस आली, सुशीलाबाईंनी ती जाऊ दिली. दुसऱ्या दिवशी त्या शाळेत लवकर आल्या, रक्षिताला होंगेच्या झाडाखाली घेऊन बसल्या, पिशवीतून पार्लेची बिस्किटं काढली, एकाचे दोन तुकडे केले आणि दुसऱ्याचे तीन.

"हे बघ. हा अर्धा आणि हा तिसरा हिस्सा. दोन्ही मिळून किती?"

रक्षितानं तुकडे शेजारी ठेवून पाहिले. "मोजता येत नाहीत मिस. सारखे नाहीत."

"बरोब्बर! सारखे नाहीत म्हणूनच मोजता येत नाहीत. मग आधी काय करायला हवं?"

पोरगी विचारात पडली. तिनं अर्ध्या तुकड्याकडे बघितलं, तिसऱ्या हिश्शाकडे बघितलं, आणि तिच्या ओठांवर काहीतरी यायला लागलं. इतक्यात मागून आवाज आला, "एक्स्क्यूज मी, मॅम?"

कंपनीचा एक स्वयंसेवक होता, विराट नावाचा. दर बुधवारी तो मनापासून समाजसेवा करत असे. "मॅम, या फ्रेममध्ये कम्युनिटी मेंबर कुणीच नाही. आणि चाइल्डचा फेस दिसतोय. मी ऑलरेडी अपलोड करून बसलो. सॉरी हं."

संध्याकाळी ॲपवर लाल पट्टी आली: 'एकतर्फी अध्यापन आढळले.' खाली बारीक अक्षरात, अशी दुसरी नोंद झाल्यास शाळा पुरस्कारासाठी अपात्र.

ऋतुराजचा लगेच फोन. "मॅडम, काय केलंत हे? आपण शेवटच्या तीनमध्ये आहोत. तुम्ही एकटीनं डिसाइड करून टीच करायला लागलात, तर मग आपल्यात आणि बाकीच्या शाळांत फरक काय राहिला?"

"अय्यो, परीक्षा आहे हो तिची. एक छोटी पोर."

"एका मुलीसाठी अख्ख्या कम्युनिटीचा व्हॉइस दाबायचा? ठरावाला टाका ना. कम्युनिटी हो म्हणाली की घ्या फ्रॅक्शन्स. डेमॉक्रसी आहे."

सुशीलाबाईंनी त्या रात्री काय विचार केला ते त्यांनाच माहीत. मांडता येण्यासारखं एवढंच, की एका बाजूला दोन बस, शेअर ऑटो आणि कुत्री. दुसऱ्या बाजूला अजून सात दिवसांची बिस्किटं. सकाळी त्यांनी ठराव मांडला.

कॉलनीच्या पंचायतीची एक जुनी रीत होती. ज्याची हरकत असेल त्यानं उभं राहून बोलायचं, आणि तो दमून खाली बसेपर्यंत मधे कुणी तोंड उघडायचं नाही. त्यानं दमून बसल्यावर कुणी उलटं बोलायला उभं राहिलं नाही, तर त्याचं म्हणणं मान्य. चांगली रीत होती. तिनं कॉलनीतले कितीतरी तंटे पोलिसांशिवाय मिटवले होते. त्या दिवशी शिवलीला उभी राहिली.

ती शांतपणे सुरू झाली आणि मग शांत राहिली नाही. आपण सही करायला शिकलो तीही जेलच्या दारात, नवऱ्याला सोडवताना, हे तिनं सांगितलं. गिऱ्हाईक सुट्टे देताना फसवतं आणि आपल्याला कळत नाही, हे सांगितलं. घुबडाच्या मानेत काही नसतं, गुंडू अण्णाचा आजोबा मुका होता आणि हे इथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, हेही सांगितलं. "शाळा आमची म्हणता," ती म्हणाली, "मग आमच्या शाळेत आमच्या पोरांना आत घ्या आणि तुम्ही बाहेर जा!" बोलता बोलता तिचा हात वर गेला, केस सुटले, आवाज चिरकला. दमली तेव्हा ती मटकन खाली बसली. कुणी उलटं बोलायला उभं राहिलं नाही. गुंडूसुद्धा मिशी चावत बसून राहिला. रीतीप्रमाणे ती जिंकली होती.

ऋतुराजला कन्नड येत नव्हतं. पण त्याच्या अंगावर काटा आला होता, आणि त्यानं सगळा वेळ फोटो काढले होते.

"पॉवरफुल!" तो म्हणाला. "मॅडम, काय म्हणाल्या त्या?"

 मराठीतून कन्नडमध्ये आणि कन्नडमधून मराठीत सुशीलाबाईंच्या घरात साडेतीनशे वर्षं ये-जा चालू होती. शब्द सापडत नव्हते असं नाही.

"शिक्षणाची खूप तळमळ आहे, म्हणाल्या."

"दॅट्स इट! मग फ्रॅक्शन्स घ्यायचेच. पण रेडीमेड नको, त्यांच्या संस्कृतीतून आलेले हवेत. बिस्किटं म्हणजे पुन्हा आपलंच लादणं. उपसमिती करू."

अपूर्णांक उपसमिती तीनदा बसली. सल्लागाराचं म्हणणं, की पोळी, बिस्कीट, कलिंगड ही उदाहरणं बाहेरची. या समाजाशी नातं सांगणारी वस्तू पक्षी हीच.

"पक्ष्याचे अपूर्णांक?" गुंडूनं विचारलं. "म्हणजे पाऊण पोपट?"

"संकल्पना म्हणून."

"साहेब, अर्धा पक्षी आमच्यात कुणी विकतही नाही आणि घेतही नाही."

हे वाक्य इतिवृत्तात समाजाचं अखंडतेचं तत्त्वज्ञान म्हणून नोंदवलं गेलं, आणि अपूर्णांक ही कल्पनाच या समाजावर लादावी का, यावर एक टिपण मागवण्यात आलं. टिपण मार्चमध्ये येणार होतं. परीक्षा फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी होती.

पुरस्कार समारंभही त्याच रविवारी होता, कारण कंपनीचं सभागृह इतर दिवशी कामाच्या गडबडीत असतं. महादेवपुऱ्याहून दोन एसी बस आल्या. सगळी कॉलनी जरीच्या कपड्यांत चढली. शिवलीला चढली नाही. तिनं रक्षिताचा हात धरला आणि ती उलट्या दिशेच्या बसस्टॉपवर गेली. ऋतुराजनं खिडकीतून मोजदाद केली आणि तिच्या नावापुढे 'असहकार' अशी खूण केली. कुकरचा प्रश्न तसाही मिटलेला होता.

सभागृहात मोठा पडदा होता. त्यावर वार्षिक अहवालाचं मुखपृष्ठ झळकलं: केस सुटलेली, हात उंचावलेली, तोंड उघडं असलेली शिवलीला. खाली ओळ, 'आपल्या ज्ञानपरंपरेविषयी अभिमानानं बोलताना एक माता.' टाळ्या थांबेनात. सुशीलाबाईंना शाल मिळाली, मानचिन्ह मिळालं. त्यांनी भाषणात समाजाचे आभार मानले, आणि एका जागी वाक्य अर्धं सोडून शाल सारखी केली, तेव्हा पुन्हा टाळ्या झाल्या.

पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी माईक मागून घेतला. "फारच सुंदर काम. फक्त एक विचारू? मुलं कुठे दिसली नाहीत."

"थँक यू फॉर आस्किंग," ऋतुराज म्हणाला. "मुलांच्या बाबतीत आम्ही कुठलीही तडजोड करत नाही. एकही चेहरा नाही. शून्य."

या उत्तरावर लोक उभे राहिले.

त्याच वेळी सरकारी हायस्कूलच्या एका वर्गात रक्षितानं प्रश्नपत्रिका उलटली. कन्नड-इंग्रजीचा प्रश्न नव्हता, तिला वाचता सगळं येत होतं. शेवटच्या पानावर अपूर्णांक होते. एक गणित तिनं चित्र काढून सोडवायचा प्रयत्न केला: एकाचे दोन तुकडे, दुसऱ्याचे तीन. सारखे नाहीत म्हणून मोजता येत नाहीत, इथवर ती आली. त्यापुढं आधी काय करायचं, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. निकाल लागला तेव्हा तिचा नंबर यादीच्या अगदी खाली, शेवटच्या जागेच्या लगेच नंतर होता. शिवलीलानं विचारलं, "थोडक्यात गेलं?" रक्षिता म्हणाली, "एका पानानं."

आता जमाखर्च. सुशीलाबाईंना राजाजीनगर मिळालं. हल्ली त्या घरी जेवायला जातात. ऋतुराजला सिंगापूरच्या परिषदेत निबंध वाचायला मिळाला आणि 'सहपाऊल' आणखी अकरा कॉलन्यांत सुरू करायला मिळाला. गुंडूला 'समाजज्ञान मार्गदर्शक' हे पद मिळालं, कॉलनीला नळ मिळाला, आणि आठवड्यातून दोनदा त्याला पाणीही येतं. कृष्णमूर्तींना निवृत्तीनंतरचा धंदा मिळाला. विराटला बुधवार मिळाला. शिवलीलाला मुखपृष्ठ मिळालं. जमेच्या बाजूला एवढी गर्दी झाली, म्हणजे कुणीतरी भरणा केलाच असणार.

भरणा करणारी सिल्क बोर्डच्या सिग्नलला उभी असते. तुम्ही तिला पाहिलेलं आहे. गेल्या गुरुवारी तुमची गाडी तिथं थांबली होती, तुम्ही काच चार बोटं खाली केलीत, तिच्या हातातली तेलाची बाटली घेतलीत, झाकण उघडून वास घेतलात, आणि तुमचं मन द्रवलं. "शाळेत नाही का गं जात तू?" तुम्ही विचारलंत. ती बाटलीकडे बघत राहिली. मग तुम्ही शेजारच्या सीटवरच्या माणसाला म्हणालात, की या मुलांचा दोष नाही, आईबापांनाच आस्था नसते. यांच्यात जाऊन, यांच्याबरोबर बसून, कुणीतरी काहीतरी करायला हवं. बोलताना तुमचा आवाज थोडा जड झाला होता, आणि तो खोटा नव्हता. एवढ्यात हिरवा दिवा लागला, आणि तुम्ही बाटली परत दिलीत.